शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य होताना

जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या प्राथमिक शाळेत ज्यांची मुले शिकतात, त्या पालकांना साधारण दोन वर्षांतून एकदा पालकसभेचे बोलावणे येते आणि त्या सभेत शाळा व्यवस्थापन समितीची निवड व्हायची असते. पुष्कळ गावांत ही निवड हजेरीपुस्तकावर सह्या होईपर्यंतच उरकते. कोणी नावे सुचवतो, बाकीचे माना डोलावतात आणि ज्यांची नावे यादीत गेली त्यांनाही आपण नेमके कशाचे सदस्य झालो हे ठाऊक नसते. पुढे मग महिन्याकाठी एखादे मूल वही घेऊन घरी येते आणि ‘सरांनी सही मागितली आहे’ असे सांगते. ही समिती कायद्याने स्थापन झालेली आहे, तिला काही ठोस कामे नेमून दिलेली आहेत आणि ज्याला हे काम मनापासून करायचे आहे त्याच्या हाती ती बऱ्यापैकी सामर्थ्य देते. मात्र ते सामर्थ्य अध्यक्षाच्या खुर्चीत फारसे नसून बैठकीच्या नोंदवहीत आहे, हे आधी लक्षात घ्यायला हवे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा केंद्राचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार, विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत अशी समिती असणे बंधनकारक आहे. पूर्वी गावातल्या शाळांसाठी ग्राम शिक्षण समिती असे आणि तिच्यावर स्वाभाविकपणे ग्रामपंचायतीची छाप असे. नव्या कायद्याने शाळेचा कारभार पाहण्याचा हक्क ज्यांची मुले त्या शाळेत शिकतात त्यांच्याकडे आणला. समितीतील किमान तीन-चतुर्थांश सदस्य त्या शाळेतील मुलांचे आईवडील किंवा पालक असले पाहिजेत, एकूण सदस्यांत निम्म्या महिला असल्या पाहिजेत आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत, या तीन अटी कायद्यातच आहेत. महाराष्ट्रात १७ जून २०१० च्या शासन निर्णयाने तपशील ठरवला. त्यानुसार सदस्यसंख्या सचिव सोडून १२ ते १६ असते. बारांची समिती धरली तर नऊ पालक आणि उरलेल्या तीन जागांवर स्थानिक स्वराज्य संस्थेचा एक प्रतिनिधी, शिक्षकांनी आपल्यातून निवडलेला एक शिक्षक व एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ, असा हिशेब बसतो. मुख्याध्यापक पदसिद्ध सदस्य-सचिव असतात, म्हणजे सभा बोलावणे, नोंदी ठेवणे आणि पत्रव्यवहार करणे ही जबाबदारी त्यांची. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष मात्र पालक सदस्यांतूनच निवडावे लागतात. सरपंच हे पदामुळे अध्यक्ष होत नाहीत. गावात अनेकांची समजूत याच्या उलट असते आणि ती दूर करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

ज्यांचे मूल त्या शाळेत नाही पण शाळेसाठी काही करण्याची इच्छा आहे, अशा निवृत्त शिक्षकाला, परिचारिकेला किंवा गावातच राहणाऱ्या एखाद्या पदवीधर तरुणीला शिक्षणतज्ज्ञाच्या त्या एकाच जागेवरून समितीत येता येते. पालकांसाठी मार्ग सोपा आहे, तरी एक व्यावहारिक बाब निवडीच्या वेळी विसरली जाते. चौथीपर्यंतच्या शाळेत चौथीतल्याच मुलांचे पालक निवडले, तर वर्ष संपताच मूल शाळा सोडते आणि त्या पालकाचे समितीतले स्थान उरत नाही. म्हणून पहिली-दुसरीच्या पालकांना, त्यातही आयांना, आग्रहाने पुढे आणलेले बरे. या कामाला मानधन नाही. निम्म्या महिला हव्यात ही अट कागदावर बहुतेक ठिकाणी पाळली जाते. बैठक मात्र अशा वेळी ठेवली जाते की त्या वेळी बायका शेतात किंवा कामावर असतात. बैठकीची वेळ बदलून मागणे हा महिला सदस्यांचा पहिला ठराव असायला काहीच हरकत नाही.

समितीला काय करता येत नाही, हे ठाऊक असल्यास पुढची निराशा वाचते. इंग्लंडमधल्या सरकारी प्राथमिक शाळांनाही विनामोबदला काम करणाऱ्या सदस्यांचे नियामक मंडळ असते, पण तिथले मंडळ मुख्याध्यापकाच्या निवडीतही भाग घेते. आपल्याकडे शिक्षकांची नेमणूक, बदली किंवा त्यांच्यावरची कारवाई यांपैकी काहीही समितीच्या हाती नाही. कायद्याने तिला दिलेली मुख्य कामे तीन आहेत. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे आणि शासनाकडून, स्थानिक संस्थेकडून किंवा इतर कुठूनही आलेल्या निधीचा विनियोग तपासणे. नियमांनी यांत आणखी भर घातली आहे आणि २०२५ मध्ये राज्य शासनाने शाळा पातळीवरच्या इतर अनेक समित्यांचे काम याच समितीकडे सोपवले. त्यामुळे कामाचा पसारा वाढला आहे, पण मूळ गाभा या तीन कामांचाच आहे.

यांतले आराखड्याचे काम सर्वांत दुर्लक्षित असते, वास्तविक कायद्याच्या दृष्टीने तेच सर्वांत वजनदार आहे. कलम २२ म्हणते की समितीने केलेला आराखडा हा शासनाच्या योजनांचा व अनुदानाचा आधार असेल. हा आराखडा तीन वर्षांचा आणि वर्षनिहाय असतो. एक उदाहरण घेऊ. पहिली ते चौथीच्या एका शाळेत ८४ मुले आहेत, दोन शिक्षक आहेत, तीन खोल्यांपैकी एकीचे छत गळते आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही. कायद्याच्या परिशिष्टानुसार ६० मुलांपर्यंत दोन आणि ६१ ते ९० मुलांसाठी तीन शिक्षक हवेत. प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगवेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, अडथळा नसलेला प्रवेशमार्ग, स्वयंपाकाची जागा, खेळाचे मैदान आणि कुंपण हवे. पहिली ते पाचवीसाठी वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणे झाले पाहिजे. आराखडा म्हणजे या यादीशेजारी आपली शाळा ठेवून काय कमी आहे, ते कोणत्या वर्षी भरून काढायचे आणि त्याला किती खर्च येईल हे लिहिणे. त्यात पुढील तीन वर्षांची वर्गवार अंदाजे पटसंख्याही द्यावी लागते, आणि ती मुख्याध्यापकांपेक्षा गावकऱ्यांना अधिक अचूक सांगता येते. अंगणवाडीत यंदा किती मुले आहेत, कोणती घरे कामासाठी बाहेर जाणार आहेत, शेजारच्या इंग्रजी शाळेची बस कोणत्या वस्तीवर येऊ लागली आहे, हे त्यांना रोजच्या व्यवहारात कळत असते.

तिसऱ्या शिक्षकाचा प्रश्न मात्र आराखड्यात लिहिल्याने आपोआप सुटत नाही. पदे प्रत्यक्षात दरवर्षीच्या संचमान्यतेतून, म्हणजे पटसंख्येनुसार शिक्षकांची पदे मंजूर करण्याच्या प्रक्रियेतून, ठरतात; तिच्यासाठी ३० सप्टेंबरची पटसंख्या महत्त्वाची असते आणि आधारची पडताळणी न झालेली मुले या गणतीत अडचणीत येतात. नावातल्या एका अक्षराच्या किंवा जन्मतारखेच्या तफावतीमुळे पाच-सात मुले अडकली तर शाळेचे एक पद धोक्यात येऊ शकते. शिक्षकांनी कितीही निरोप धाडले तरी हलत नाही असे हे काम समितीचा सदस्य त्या घरी एकदा जाऊन करवून घेऊ शकतो, आणि तेही सप्टेंबर उजाडण्यापूर्वी.

आता पैशांकडे वळू. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान मिळते आणि ते पटसंख्येवर ठरते. ३१ ते १०० पटाच्या शाळेला २५,००० रुपये आणि १०१ ते २५० पटाच्या शाळेला ५०,००० रुपये, असे त्याचे दर आहेत. त्यातील किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. आपल्या ८४ मुलांच्या शाळेला २५,००० रुपये मिळणार. त्यातले २,५०० स्वच्छतेचे आणि उरलेल्या रकमेत वीजबिल, खडू-फळा, किरकोळ दुरुस्ती, पिण्याच्या पाण्याची सोय, छपाई हे सारे बसवायचे. गळक्या छताची दुरुस्ती यात होणार नाही हे उघड आहे; तिच्यासाठी प्रस्ताव पंचायत समितीकडे आणि जिल्हा परिषदेकडे जायला हवा, किंवा ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात तिचा समावेश करून घ्यायला हवा. तिथे ग्रामपंचायतीचा जो प्रतिनिधी समितीत बसतो, त्याचा खरा उपयोग होतो.

अलीकडे अनुदान पूर्वीसारखे खात्यात जमा होऊन पडून राहत नाही. पीएफएमएस या सरकारी निधीच्या संगणकीय प्रणालीतून शाळेच्या शून्य शिलकीच्या खात्याला खर्चाची मर्यादा दिली जाते आणि देयक मंजूर झाले की पैसे थेट दुकानदाराच्या किंवा कारागिराच्या खात्यात जातात. त्यामुळे रोखीचे व्यवहार कमी झाले, पण एक नवी अडचण उभी राहिली. मर्यादा कधीकधी आर्थिक वर्ष संपायला आल्यावर येते आणि ती ३१ मार्चपर्यंत वापरली नाही तर परत जाते. मग मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जे मिळेल ते विकत घेतले जाते, आणि वर्षभर नळाची तोटी गळत असलेल्या शाळेत अचानक प्लास्टिकच्या खुर्च्या येतात. यावर उपाय एकच: कशावर किती खर्च करायचा याचा अग्रक्रम ऑगस्ट-सप्टेंबरच्या बैठकीत ठरवून, दरपत्रके मागवून ठेवणे, म्हणजे मर्यादा आल्या दिवशी काम सुरू करता येते. खर्च झाल्यावर सदस्याने तीन गोष्टी पाहाव्यात. बैठकीत त्या खर्चाला मंजुरी होती का, पावतीवरची वस्तू शाळेत प्रत्यक्ष आहे का आणि ती साठा नोंदवहीत चढली आहे का. हे विचारणे म्हणजे मुख्याध्यापकांवर संशय घेणे नव्हे. लेखापरीक्षणात पहिला प्रश्न त्यांनाच विचारला जातो, त्यामुळे नोंदी पुऱ्या असल्या तर सर्वांत जास्त सुटका त्यांचीच होते.

गणवेशाचे उदाहरण बोलके आहे. पात्र विद्यार्थ्यांना दोन गणवेश देण्यासाठी प्रत्येकी ६०० रुपयांची तरतूद असते आणि खरेदी समिती करत असे. २०२४-२५ या वर्षी राज्याने कापड एकाच ठिकाणाहून घेऊन गणवेश शिवून पुरवण्याचे ठरवले. गणवेश उशिरा आल्याच्या आणि मापात न बसल्याच्या तक्रारी राज्यभरातून झाल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने हा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला. तिसरीतल्या मुलाच्या अंगाचे माप मुंबईतून घेता येत नाही, एवढा साधा मुद्दा त्यातून सिद्ध झाला असे मला वाटते. पण अधिकार परत आला म्हणजे जबाबदारीही आली. ८४ मुलांसाठी ही रक्कम ५०,४०० रुपये होते, आणि कापड कोणाकडून घ्यायचे, गावातल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांना काम द्यायचे की तालुक्याच्या दुकानातून तयार माल आणायचा, हा निर्णय एकट्या मुख्याध्यापकांवर ढकलून नंतर कापड विरळ निघाले म्हणून ओरड करणे योग्य नाही. नमुन्याचा एक गणवेश आधी मागवून, धुऊन, समितीच्या बैठकीत पाहावा आणि मगच मागणी नोंदवावी.

शालेय पोषण आहारावर देखरेख ठेवणे हे समितीचे रोजचे म्हणावे असे काम आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य, तसेच अनुक्रमे ४५० व ७०० उष्मांक आणि १२ व २० ग्रॅम प्रथिने मिळतील असे जेवण, हे प्रमाण ठरलेले आहे. त्यावरून कोणाही सदस्याला दोन मिनिटांत पडताळणी करता येते. आज ८४ पैकी ७१ मुले हजर असतील, तर ७ किलो १०० ग्रॅम तांदूळ शिजायला निघाला पाहिजे. हजेरीपुस्तकातला आकडा, आहार नोंदवहीतला आकडा आणि पातेल्यातला भात यांचा मेळ बसतो का, एवढेच पाहायचे. सोबत तांदूळ निवडला जातो का, डाळ पुरेशी आहे का, स्वयंपाकी-मदतनीस बाईंना स्वच्छ पाणी व कोरडे सरपण किंवा गॅस मिळतो का, मुले हात धुऊन बसतात का, हेही. वाढण्यापूर्वी अन्नाची चव घेतली जाणे अपेक्षित आहे आणि त्यासाठी आळीपाळीने एकेक पालक सदस्य शाळेत गेला, तर देखरेखीबरोबर ओळखही वाढते. २०१५ च्या नियमांनुसार शाळेच्या कोणत्याही दिवशी जेवण मिळाले नाही, तर मुलांना अन्नसुरक्षा भत्ता देय होतो, आणि सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस असे घडले, तर शासनाला त्याची जबाबदारी निश्चित करावी लागते; त्यामुळे जेवण का झाले नाही याची नोंद त्याच दिवशी होणे महत्त्वाचे असते.

शाळेत न येणाऱ्या मुलांचा प्रश्न शिक्षकांपेक्षा समितीला अधिक चांगला हाताळता येतो, आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरण बीडसारख्या जिल्ह्यांत दिसते. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला टोळ्या निघाल्या की मुलेही आईबापांबरोबर साखर कारखान्यांच्या फडावर जातात आणि ती परत येतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर. यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मुलांना गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे ठेवायचे आणि त्यांच्या जेवणाची सोय शाळेच्या पातळीवर करायची, असे तिचे स्वरूप असते आणि ती चालवण्याचे काम शाळा व्यवस्थापन समितीकडे येते. टोळी निघण्याआधी कोणती मुले मागे राहू शकतात, कोणाच्या घरी म्हातारे माणूस आहे, कोणत्या मुलीला आई मागे ठेवायला धजावत नाही, याची यादी करणे हे शेजाऱ्यांचेच काम आहे. जी मुले जातातच, त्यांना शिक्षण हमी कार्ड देण्याची पद्धत आहे. ते दाखवून दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येते. टोळीच्या ट्रॅक्टरवर सामान चढण्यापूर्वी ते कार्ड पालकाच्या हातात पडले का, हे पाहणारा सदस्य गावात असावा लागतो.

शिकवण्याच्या दर्जाविषयी सदस्यांना बोलावे की नाही असा संकोच वाटतो, विशेषतः स्वतःचे शिक्षण कमी असेल तर. वर्गात शिरून मुलांसमोर शिक्षकाची परीक्षा घेणे सर्वथा गैर आहे. पण बैठकीत ‘तिसरीतल्या २२ मुलांपैकी किती जण दुसरीचा उतारा न अडखळता वाचतात, किती जण अजिबात वाचत नाहीत, आणि या मुलांसाठी पुढच्या महिन्यात काय करणार’ हे विचारायला कोणतीही पदवी लागत नाही. शिक्षकांनी वेळेवर व नियमित येणे, पालकांच्या सभा घेऊन मुलाची प्रगती सांगणे हे कलम २४ मध्ये आहे. मुलांना मारहाण करण्यास कलम १७ ने आणि खासगी शिकवण्या घेण्यास कलम २८ ने बंदी आहे. त्याच कायद्यात शिक्षकांचीही बाजू आहे. कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकांची कामे सोडून त्यांना अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. दोन शिक्षकी शाळेतला एक शिक्षक आठवड्यातून दोन दिवस कुठल्या तरी माहितीच्या तक्त्यांसाठी तालुक्याला बोलावला जात असेल, तर त्याविरुद्ध स्वतः शिक्षकाला बोलता येत नाही. समितीला ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवता येतो. अशा एका ठरावाने शिक्षक आणि पालक यांच्यात जो विश्वास तयार होतो, तो चार सत्कारांनी होत नाही.

हे सारे ज्या वहीत उतरते तिच्याकडे आता येऊ. समितीची बैठक महिन्यातून एकदा व्हायला हवी आणि तिचे इतिवृत्त लिहिले जायला हवे. प्रत्यक्षात इतिवृत्ते अशी असतात: ‘विषय क्रमांक ३, भौतिक सुविधांबाबत चर्चा. सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजुरी देण्यात आली.’ कशाला मंजुरी दिली, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही. याऐवजी असे लिहिले तर पाहा: ‘मुलींच्या स्वच्छतागृहात १० जूनपासून पाणी नाही. मोटार नादुरुस्त आहे. दुरुस्तीचे ४,२०० रुपयांचे दरपत्रक सादर झाले. खर्च संयुक्त अनुदानातील स्वच्छतेच्या भागातून २,५०० व उर्वरित रक्कम सर्वसाधारण भागातून करावा. काम मुख्याध्यापक व उपाध्यक्षा यांनी १५ जुलैपर्यंत पूर्ण करून पुढील बैठकीत अहवाल द्यावा.’ या दुसऱ्या ठरावात तारीख, रक्कम आणि माणसाचे नाव आहे, म्हणून पुढच्या बैठकीत त्यावर प्रश्न विचारता येतो. इतिवृत्त बैठक संपण्यापूर्वी तिथेच लिहून, मोठ्याने वाचून मग सह्या घ्याव्यात आणि घरपोच वहीवर सही करायला प्रत्येक सदस्याने नम्रपणे नकार द्यावा. इतकी एक सवय लागली तरी समितीचे निम्मे दुखणे बरे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढच्या बैठकीचा पहिला विषय नेहमी मागच्या ठरावांवरची कार्यवाही हा ठेवावा.

ठराव वर पाठवूनही उत्तर आले नाही तर तोंडी पाठपुराव्यात महिने जातात. समितीने ठरावाची प्रत जोडून केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. मुलाच्या हक्कांसंबंधीची तक्रार कोणालाही कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी करता येते. संबंधितांना बाजू मांडण्याची संधी देऊन तीन महिन्यांत तिचा निर्णय व्हावा लागतो आणि तो मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. खासगी अनुदानित शाळांत मात्र गणित वेगळे आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अशा शाळांतली आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांतली समिती केवळ सल्लागार स्वरूपाची राहिली; तिथे सदस्याला विचारता येते, सुचवता येते, पण संस्थाचालकांना ते बंधनकारक नाही.

दोन वर्षांची मुदत संपताना एक रुक्ष काम उरते आणि तेच बहुधा राहून जाते. समितीचे बँक खाते अध्यक्ष व मुख्याध्यापक यांच्या संयुक्त सह्यांनी चालते. नवा अध्यक्ष निवडला गेला, पण बँकेत जुन्याच अध्यक्षाची सही राहिली, तर पुढचे अनुदान आल्यावर व्यवहार अडतात आणि मार्च महिन्यात धावाधाव होते. म्हणून नव्या समितीच्या पहिल्याच बैठकीत सह्या बदलण्याचा ठराव करून त्याची प्रत, ओळखपत्रांसह, त्याच आठवड्यात बँकेत द्यावी, आणि जुन्या अध्यक्षांकडून आराखड्याची प्रत, अपूर्ण ठरावांची यादी व खात्याचा शेवटचा उतारा सही घेऊन ताब्यात घ्यावा.